पहिलं पेडल

मांढरेच्या मातेच्या उतारावर, कंपूकडे वळायच्या आधी,
गाडी दहा दिवस बारीक किंचाळत होती.
नवरा म्हणाला, थंडीचं असेल.
ग्वाल्हेरच्या जानेवारीवर काहीही ढकलता येतं:
न विरजलेलं दही, रखडलेली पंजाब मेल,
आमचा अबोला.

रविवारी धुकं अजून किल्ल्याला धरून होतं.
मी टायरांना विटा लावल्या, जॅक चढवला, चाक काढलं.
आत पॅड. चहात बुडवून उरलेल्या बिस्किटाएवढं.
लोखंडाला लोखंड भेटायला नखभर अंतर.

अकरावीला मी पास्कल शिकवते.
बंदिस्त द्रवावरचा दाब सर्व दिशांना सारखाच पोचतो,
बावीस वर्षं फळ्यावर लिहिलं
आणि आज त्या वाक्याचं तोंड पाहिलं:
गोल, थंड, कडेला गंज,
रबराच्या घडीतून बाहेर आलेलं.
पॅड झिजत गेलं तसं हे पुढे सरकत राहिलं,
दर वेळी केसभर,
पायाला कळूसुद्धा न देता.
आता नव्या पॅडला जागा नाही.
आता ह्याला परत आत घालायचं.

भूरे मिस्त्री समोरच्या ओट्यावर चहा घेऊन,
हात न लावता शिकवणारा माणूस.
"पहले ढक्कन खोलो, मॅडम."
बरोबर. तेल मागे जाणार, त्याला वर जागा हवी.
डबी काठोकाठ. मागच्या दिवाळीत
पातळी उतरलेली दिसली म्हणून नवऱ्यानं
मायेनं भरून ठेवलेली.
मुलाच्या औषधाची सिरिंज, पाच मिलीची,
नऊ वेळा भरून लोणच्याच्या बरणीत रिकामी केली.
कोऱ्या चहाचा रंग आला होता तेलाला.
एक थेंब मडगार्डवर सांडला, लगेच पुसला,
तरी रात्रीपर्यंत तिथला निळा रंग
भाजलेल्या कातडीसारखा उठला.

जुनं पॅड पिस्टनच्या तोंडावर, त्यावर सुताराचा शिकंजा.
अर्धा फेरा. थांबायचं. अर्धा फेरा.
तिरका गेला तर अडकतो, घाई केली तर डबी उतू जाते.
"जोर मत लगाओ, जा रहा है."
आणि तो गेला. आवाज नाही, काही नाही,
पंगतीत उशिरा आलेल्यासाठी
कुणी मांडी सावरून घ्यावी, तसा.

मागची चाकं.
तोच शिकंजा, तोच अर्धा फेरा, पिस्टन ढिम्म.
मी दात आवळून जोर केला.
भूरेनं ग्लास खाली ठेवला, सकाळपासून पहिल्यांदा.
"अरे अरे! ये दबता नहीं. ये घूमता है."
मागचा पिस्टन हँडब्रेकचा, आतून आट्यांवर बसलेला.
ढकलला तर मोडतो.
त्यानं दुकानातून दोन दातांची किल्ली आणली,
दात खाचांत, तळवा मागून,
दाबत दाबत फिरवायचा.
हे फळ्यावर मी कधी लिहिलं नव्हतं.

दुपारी चारही चाकं जागेवर. विटा काढल्या.
अंघोळ करून, मफलर गुंडाळून नवरा आला,
न बोलता चावी घेतली, गाडी न्यूट्रलला टाकली.
मी नळावर हात धूत होते.
"पंप! पहले पंप करो साहब!"
त्यानं पेडल दाबलं आणि ते तळाला जाऊन टेकलं.
आत कुणीच नव्हतं.
हँडब्रेक ओढला, तोही पोकळ.
गाडी निघाली, अगदी सावकाश,
दिघ्यांच्या नव्या स्कूटीकडे.
मी साबणाच्या हातानं वीट उचलली
आणि टायरपुढे टाकली.

मग तो पेडल मारत बसला.
एक. दोन. चार.
सातव्याला कुठेतरी खालून
कुणी तळव्याला उलटा रेटा दिला.
"आलं," तो काचेतून म्हणाला. मलाच म्हणाला.
मी म्हटलं, "अजून दोनदा मार."

बरणी अजून न्हाणीच्या खिडकीत आहे.
ते तेल कुठे टाकायचं,
भूरेला विचारायचं राहिलंय.